मेहुण्याची आमदारकी आणि पाण्यातले देव

माझा मेहुणा नंदू अमेरिकेतल्या एका राज्यात आमदार होता. त्याने निवडणुकीत आपटी खावी असं त्याच्या सख्ख्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, मनातून वाटतं असा माझा ठाम संशय होता. सुगंधाला हे अजिबात मान्य नव्हतं. पण नंदूचा राजकीय इतिहासच तसा आहे.

२०१६ साली तो पहिल्यांदा उभा राहिला आणि पडला. पुढे महिनाभर ओमानमधल्या आमच्या अल हैलच्या घरी रोज त्याचा फोन. आई लवकर गेली, त्याला सुगंधानेच वाढवलेलं, त्यामुळे रडायला हक्काची जागा हीच. अठरा साली पुन्हा पडला, तेव्हा थेट इकडे येऊन तीन आठवडे आमच्या सोफ्यावर आडवा झाला. सुगंधा त्याला सुरमई तळून घालायची आणि तो मला आपल्या मतदारसंघातल्या बसचे मार्ग समजावून सांगायचा. मी मान डोलवायचो. बायकोला इतकं खूश मी फार वेळा पाहिलेलं नाही.

वीस साली गडी निवडून आला आणि फोन बंद झाले. बावीस साली पुन्हा आला, तेव्हा त्याच्या ऑफिसातून सुगंधाला मेसेज आला, सगळ्या मतदारांना गेला तोच: सरलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा आणि आपल्या बहुमोल मताबद्दल आभार.

"बघ, तुझ्या एका मतावर आला," मी म्हटलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२०२४ ला मतदानाच्या आदल्या दिवशी तिने देव पाण्यात ठेवले. देव्हाऱ्यातले गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, तिघेही तांब्याच्या पातेल्यात. मनासारखं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, ही तिच्या माहेरची रीत.

"नेमकं काय मागितलंस?"

"सांगायचं नसतं."

"जिंकू दे की पडू दे, एवढं तरी सांग. देवांचा गोंधळ नको व्हायला."

"अहो, वर्कशॉपला जा तुम्ही. लोकांचे एसी बंद पडलेत. आणि येताना बरका गावच्या मासळी बाजारातून सुरमई आणा, मोठी बघून."

बाहेर पडताना पाहिलं तर पाहुण्यांच्या खोलीतली गादी गॅलरीत उन्हात टाकलेली. मला आणखी काय पुरावा हवा होता?

बुधवारी दुपारी निकाल लागला. नंदू पडला. थोडक्यात, पण पडला. तासाभरात सुगंधाचा फोन वाजला.

"आधी जेवलास का ते सांग," ती म्हणाली, आणि मग संध्याकाळ होईपर्यंत बोलतच राहिली. मध्ये रडली, मध्ये हसली, लहानपणची कुठलीशी भांडणं निघाली. शेवटी "रजा टाक आणि ये सरळ" असं सांगून तिने फोन ठेवला. मी बाह्या सरसावून देव्हाऱ्याकडे गेलो.

"काढतो आता देवांना. झालं ना तुझ्या मनासारखं?"

तिने माझा हात धरला. डोळे लाल झाले होते.

"हात नका लावू. जिंकू दे म्हणून घातलेत मी. प्रत्येक वेळी तेच मागितलंय."

"मग तो फोन करत नाही म्हणून कुढतेस ती?"

"कुढते. म्हणून काय त्याचं वाईट मागू?"

"आणि सुरमई? गादी?"

"म्हटलं, पडला तर येईल तो. आला की घर तयार नको?"

इतकी वर्षं मी या बाईला चिडवत होतो आणि ती निमूट ऐकून घेत होती, याचं फार वाईट वाटलं.

"मग देव असेच ठेवायचे? कधीपर्यंत?" मी हळूच विचारलं.

"दोन वर्षांनी परत उभा राहतोय म्हणाला," सुगंधा म्हणाली, आणि तिने पातेल्यातलं पाणी बदललं.