भाऊजींच्या गाडीचा आवाज

सुटीच्या दिवशी सकाळी अर्ध्या उघडलेल्या शटरखालून आधी एक लांबट खोका आत सरकला आणि त्याच्यामागून वाकत वाकत भाऊजी आले. आपली सुटी गेली, हे धाकटीला तेव्हाच कळलं.

घरात सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. आता अडतिसावं लागलं होतं, स्वतःचं गॅरेज टाकून अकरा वर्षं झाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. भाऊजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. पन्नाशी उलटलेला, कधी कुणाला चढ्या आवाजात न बोललेला माणूस. गेल्या वर्षी लेक शिकायला परगावी गेली आणि यांनी दोनच सीट असलेली एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. तेव्हापासून दर महिन्याला गाडीचं काही ना काही निघत होतं.

"हे बघ काय आणलंय," म्हणत त्यांनी खोका तिच्या टेबलावर रिकामा केला. चकचकीत ॲल्युमिनियमचा वाकडा पाइप आणि शंकूसारखा एक लाल फिल्टर. "कंपनीचा तो काळा डबा काढायचा आणि हे लावायचं. इंजिन मोकळा श्वास घेतं. दहा-बारा घोड्यांची ताकद वाढते. आवाज सुधारतो तो वेगळाच."

"कोण म्हणालं?"

"विकणारा म्हणाला."

"विकणारा दुसरं काय म्हणणार, भाऊजी?" ती बोनेट उघडून त्यांना दाखवू लागली. "हा काळा डबा पुढच्या जाळीतून बाहेरची गार हवा ओढतो. तुमचा फिल्टर इथं उघडा बसणार, इंजिनाच्या धगीत. गरम हवा विरळ असते. ती आत गेली की ताकद वाढायची सोडा, उलट घटते."

भाऊजींनी मान डोलावली. अगदी समजल्यासारखी. मग म्हणाले, "पण छत्तीस लोकांनी लिहिलंय, फरक जाणवतो म्हणून."

दुसरं कुणी असतं तर तिनं खोक्यासकट परत पाठवलं असतं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं आत जाऊन ताईला फोन लावला, तर ताई म्हणाली, "लाव ना गं बाई. ना पत्ते, ना कसलं व्यसन. एवढी एकच हौस आहे त्यांना."

धाकटीनं डबा काढून कोपऱ्यात ठेवला आणि पाइप बसवला. भाऊजींनी गाडी सुरू करून पाय दाबला. आधी हवा ओढल्याचा सुस्कारा, मग त्याच्या पोटातून उठलेली गुरगुर. भिंतीवर टांगलेले पाने थरथरले. भाऊजींचा चेहरा असा फुलला की क्षणभर तिलाही बरं वाटलं.

मग दोघं एक चक्कर मारून आले. भाऊजी वाटभर "बघ, कशी झेपावते!" म्हणत होते. गाडी झेपावत नव्हती, नुसती ओरडत होती. धाकटीनं इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडूनच ठेवला होता. "हा आकडा बघा. बाहेर सत्तावीस अंश आहे आणि इंजिनात शिरणारी हवा अठ्ठावन्न. जुन्या डब्यात ती तिशीच्या आसपास असायची."

"गाडी गरम रक्ताची आहे," भाऊजी म्हणाले आणि हसत निघून गेले. ती हातात स्कॅनर घेऊन उभीच राहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

दहाव्या दिवशी ते परत आले, तोंड पाडून. सिग्नलला गाडी थांबली आणि पुन्हा निघायला पाय दाबला की ती अडखळते म्हणे. "तू नीट बसवलं नसशील," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "पाइप आवळणारा एखादा क्लॅम्प सैल राहिला असेल."

हे तिला लागलं. अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तिचा एकही क्लॅम्प सैल म्हटला नव्हता. तिनं त्यांच्यासमोर एकेका क्लॅम्पला पाना लावून दाखवला. एकही हलला नाही.

"गर्दीत थांबलात की बोनेटखालची धग वाढते. तीच गरम हवा गाडी ओढते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग काहीतरी कर ना. तू करशील."

गाडी ठेवून ते रिक्षानं घरी गेले. पुढचे तीन दिवस रोजची कामं उरकली की धाकटी त्या गाडीला भिडायची. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग पत्रा. पत्र्यानं अंगठा चिरला. कडांना रबरी पट्टी लावली, पुढच्या जाळीपासून एक जाड नळी आणून जोडली, वर झाकण बसवलं. तिसऱ्या दिवशी सगळं जागेवर बसल्यावर ती दोन पावलं मागे सरकली आणि तिच्या लक्षात आलं की तिनं एक डबा बनवलाय. गार हवेचा, बंद, काळा रंग दिलेला डबा. कोपऱ्यात पडलेल्या कंपनीच्या डब्याचा सख्खा भाऊ. तिला हातातली पकड भिंतीवर भिरकावावीशी वाटली.

पण काम चोख झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं भाऊजींना गोदामांमागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर नेलं. स्टॉपवॉच त्यांच्याच हातात दिलं. डबा बसवायच्या आधी तिनं याच रस्त्यावर मोजलं होतं, उघड्या फिल्टरवर ताशी चाळिसावरून ऐंशीवर जायला गाडीला सव्वापाच सेकंद लागत होते. आता तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा साडेचारच्या आत.

"बघा. तुम्हीच मोजलंत."

भाऊजींनी स्टॉपवॉच डॅशबोर्डवर ठेवलं. मग म्हणाले, "आवाज गेला."

"काय?"

"आवाज. ती गुरगुर होती ना, ती गेली. तू कोंडून टाकलीस."

धाकटीनं गाडी बाजूला घेऊन बंद केली. "भाऊजी, तुमच्या दुकानात कुणी आलं आणि म्हणालं, नंबर राहू द्या, फ्रेम तेवढी झगझगीत द्या. आणि आठवड्यानं दिसत नाही म्हणून तुमच्याशीच भांडायला आलं. तर तुम्ही काय कराल?"

"रोज येतात," भाऊजी शांतपणे म्हणाले. "फ्रेमवरच तर दुकान चालतं."

तिला हसावं की रडावं कळेना. "मग पहिल्याच दिवशी सांगायचंत ना, आवाज हवाय म्हणून! मी अर्ध्या तासात लावून दिला असता आणि हात झटकले असते. ताकद, ताकद करत आलात. माझे तीन दिवस गेले. वर माझाच क्लॅम्प सैल!"

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. "या वयात नुसत्या आवाजासाठी खर्च केला म्हटलं तर तुझी ताई काय म्हणेल? ताकद म्हटलं की जरा बरं दिसतं." मग म्हणाले, "दिवसभर डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत बसून हळू आवाजात विचारायचं, पहिलं स्पष्ट की दुसरं? पहिलं की दुसरं? संध्याकाळी गाडीत बसलो की ती माझ्या वतीनं ओरडायची. बरं वाटायचं."

तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते ताईच्या यजमानांना देण्यासारखं नव्हतं. तिनं गॅरेजवर येऊन बोनेट उघडलं, सहा स्क्रू काढले आणि आपला डबा उचलून बाकावर ठेवला.

"सिग्नलला अडखळेल," ती म्हणाली. "तेव्हा मला फोन करायचा नाही."

"नाही करणार." भाऊजी गुरगुरत निघून गेले, म्हणजे गाडी गुरगुरत गेली.

फोन खरंच आला नाही. त्या महिन्यात ताईकडच्या दोन जेवणांना मात्र काम आहे असं सांगून धाकटी गेलीच नाही.

मग एके दुपारी एक दाताचे डॉक्टर आले. काखेत तसलाच खोका. "तुमच्या भाऊजींनी पाठवलंय. त्यांच्या गाडीची ताकद बारा घोड्यांनी वाढवलीत म्हणे! माझ्याही गाडीला करून द्या."

धाकटीनं हातातलं काम खाली ठेवलं. गार हवा, गरम हवा, सव्वापाच सेकंद, साडेचार सेकंद, सगळं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांनी कौतुकानं ऐकून घेतलं.

"ते म्हणालेच होते, तुम्ही असंच सांगाल. स्वतःचं कौतुक करायची सवय नाही म्हणाले तुम्हाला."

"डॉक्टर, ताकद कमी होते. कमी."

"तुम्ही लावून तर बघा."

"नाही लावणार," धाकटी म्हणाली आणि खोका त्यांच्या हातात परत दिला.

डॉक्टर नाराज होऊन समोरच्या गॅरेजात गेले. तिथं कुणी त्यांना काही समजावलं नाही. धाकटी एका व्हॅनचे ब्रेक उघडून बसली होती. पहिलं चाक होतंय न होतंय तोच समोरून सुस्कारा आला, त्याच्या पाठोपाठ गुरगुर, आणि मग समोरच्या मेकॅनिकचा खणखणीत आवाज, "बघा साहेब, आहे की नाही फरक?"

तिनं दातओठ खाऊन दुसऱ्या चाकाला जॅक लावला.