पहिला हात

झाशीत दतिया गेटाबाहेर मधुसूदनरावांचं विटांचं घर आहे. गिलावा नाही, उघड्या विटा, आणि दर तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांच्यावर गेरू. रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला हा माणूस पाव किलो वांग्यांसाठी चार गाडे हिंडेल, पण घराच्या रंगाचा त्यानं जन्मात दुसऱ्यांदा विचार केला नाही. वडील गेरू लावायचे, आपणही गेरू लावायचा, विषय संपला.

घराची एक रीत मात्र होती. कुंचल्याचा पहिला हात घरच्या बाईचा. भिंतीला हळदकुंकू वाहायचं, मालकिणीनं रंगाचा एक पट्टा ओढायचा, मगच रंगारी शिडी चढणार. प्रमोदिनीबाई या घरात येऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. सासूबाई गेल्यापासून पट्टा त्याच ओढत होत्या, गेरूचा. मधुसूदनराव दर खेपेला विचारायचे, "गेरूच ना गं?" आणि उत्तर यायच्या आत चपला घालून बाजाराला निघायचे. विचारल्याचं समाधान त्यांना होतं, एवढं खरं.

यंदाही रंगारी हल्के कुशवाहा आला. त्याच्या बापानंही हेच घर रंगवलेलं. त्यानं तारेच्या ब्रशनं भिंती घासल्या, धुतल्या. दोन दिवस गटारातून लाल पाणी वाहत होतं. तिसऱ्या दिवशी बादलीत गेरू कालवून त्यानं हाक मारली, "अम्माजी, आइए, हाथ लगा दीजिए."

प्रमोदिनीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. बादलीत बघितलं, आणि पायरीवर बसल्या.

"मी नाही हात लावणार."

म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच धस्स झालं.

"का? बरं वाटत नाहीये का तुला?" मधुसूदनराव म्हणाले.

"ठणठणीत आहे. मला हा रंग नकोय. कधीच नको होता."

"अगं, मग बोलायचं नाही का इतकी वर्षं?"

"तुम्ही थांबायचात कुठे ऐकायला?"

मधुसूदनरावांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, मग वैतागून स्वतःच कुंचला उचलला. तर हल्केनं शिडी भिंतीपासून काढून घेतली! "बाबूजी, हमारे बापू ने अम्मा के हाथ के बिना इस घर में कूची नहीं चलाई. हम भी नहीं चढ़ेंगे." आणि सायकलवर टांग टाकून गडी दुसऱ्या कामावर गेला. दिवाळीच्या तोंडावर रंगाऱ्याला कामाची काय कमी!

झालं, घोडं अडलं. हल्के रोज सकाळी यायचा, सायकलवरूनच विचारायचा, "लगा हाथ?" आणि निघून जायचा. घर धुतल्या तोंडानं तसंच उभं. येणारा-जाणारा विचारायचा, "क्यों भैया, पुताई रुक गई?" मधुसूदनरावांनी साबुदाण्याच्या खिचडीची नको इतकी स्तुती केली. गरम जिलब्या आणल्या. शेवटी चिडून म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

प्रमोदिनीबाईंनी जिलब्या खाल्ल्या. चहा वेळेवर दिला, पोळ्या केल्या, रुसवा म्हणाल तर अजिबात नाही. आतून मात्र जीव टांगणीला लागला होता. दिवाळी आठ दिवसांवर आली होती, आणि घर असं ठेवणं त्यांनाही सहन होत नव्हतं. पण त्यांना पक्कं कळत होतं, या खेपेला हात लावला तर मरेपर्यंत गेरूच. पुन्हा तोंड उघडायची हिंमत आपल्याला व्हायची नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मधुसूदनराव येऊन शेजारी पायरीवर बसले. चपला काढून बसले.

"कुठला हवाय तुला?"

आणि उठले नाहीत. बसूनच राहिले.

प्रमोदिनीबाई मनातल्या मनात रंगाचं नाव शोधायला लागल्या. अहो, त्यांना माहीतच नव्हतं! गेरू नको, एवढंच ठाऊक. कुणी कधी विचारलंच नाही, तर बाई ठरवणार कशी? त्यांना लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणीच आलं.

"मला बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मग बघ ना. घाई कुणाला आहे?" हे बोलताना मधुसूदनरावांना किती घाई होती, ते त्यांच्या पायांच्या चाळ्यांवरून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच ई-रिक्षात बसल्या. इलाइट चौराह्यापर्यंत गेल्या, परतताना मधेच उतरून गल्ल्यागल्ल्यांतून चालल्या. इतकी वर्षं याच रस्त्यांनी येजा केली, पण भिंती अशा कधी बघितल्या नव्हत्या. एक घर पिस्त्याच्या रंगाचं होतं, त्यांना ते गिळगिळीत वाटलं. एक निळं, दवाखान्यासारखं. एक गुलाबी बघून तर त्या रस्त्यातच फिसकन हसल्या. कुणाची कुणाची घरं त्या नापसंत करत चालल्या होत्या आणि त्यांना भलतीच मजा येत होती. जेवायच्या वेळेला घरी आल्या त्या ठरवूनच.

"वरणाचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"साध्या वरणाचा पिवळा. आपल्या घरच्या."

मधुसूदनराव बाहेर जाऊन भिंत बघून आले. "विटांवर?"

"विटांवर."

सकाळी हल्केनं चुन्यात पिवडी कालवली. प्रमोदिनीबाईंनी दोनदा नाक मुरडून आणखी चुना घालायला लावला, तेव्हा कुठे मान हलवली. हळदकुंकू वाहिलं, कुंचला बुडवला आणि पट्टा ओढला. हल्केनं कुंचला घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दुसरा पट्टा ओढला. मग तिसरा. टाचा उंचावून हात पोचेल तिथपर्यंत, मग खाली, मग पलीकडच्या खिडकीकडे. साडीवर शिंतोडे उडत होते, त्यांना पर्वा नव्हती. हल्केनं शिडी भिंतीला टेकवली आणि चहा मागवला.

"अगं, दे आता त्याला," मधुसूदनराव म्हणाले. "दिवाळी आली तोंडावर."

"थांबा हो जरा," मागे न बघता त्या म्हणाल्या, "माझा पहिला हात अजून व्हायचाय."