उगमाची आठ पानं

मी समाजशास्त्राचं जुनं पुस्तक आहे, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं. १९९७ साली प्रमिलाबाईंनी मला वर्ध्याहून कारंज्याला आणलं. तिथे त्यांचं किराणा दुकान होतं. चाळिशीत, घरी अभ्यास करून त्या परीक्षा देणार होत्या.

मित्रांनो, तिसऱ्याच दिवशी माझ्यावर संकट आलं. त्यांचे पती ताराचंद यांनी मला रद्दी समजून जिरं-हळदीच्या पुड्यांसाठी माझी आठ पानं फाडली. ते माझं पहिलंच प्रकरण होतं. युरोपात कारखाने आले, जुनी घडी मोडली, आणि माणसं एकत्र कशी राहतात हे तपासायला नवं शास्त्र जन्मलं, ही हकिगत त्यात होती.

ताराचंद खजील झाले, पण वर म्हणाले, "समाज शिकाले पुस्तक कायले लागते? दुकानात बस, सारा समाज येते."

"येते तो गिऱ्हाईक," प्रमिलाबाई म्हणाल्या. "समाज पाहाले त्याच्या घरी जा लागते."

कोणी काय नेलं ते त्यांना पाठ होतं. त्या दोन दिवस घरोघर फिरल्या. सात पानं मिळाली, एक चुलीत गेलं होतं. सातवं मागच्या गल्लीतल्या जयवंताकडे सापडलं.

"वहिनी, बारा वर्षांत आज आल्या तुमी," जयवंता म्हणाली.

त्या दिवशी प्रमिलाबाईंनी माझ्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'शेजारी राहिल्यानं समूह होत नाही.' मग प्रत्येक संकल्पनेपुढे त्या गावातलं उदाहरण लिहू लागल्या. 'भूमिका' या शब्दापुढे लिहिलं, 'हे दुकानात मालक, घरात माझे परीक्षक. उत्तर बरोबर आलं की चहा करतात.'

त्या पास झाल्या. मी फार सुखात होतो.

२००५ साली त्या गेल्या. ताराचंदांनी मला पेटीत ठेवलं. दुपारी काढत, समासावरून बोट फिरवत, परत ठेवत. मला कसर लागली.

मग जयवंताची मुलगी मयुरी कॉलेजात गेली आणि मला मागायला आली. त्यांनी नाही म्हटलं. बायकोच्या हातचं त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं. मयुरी रागावली नाही. दुकानातच बसून वाचू का, म्हणाली. चार दिवस ती तिथे वाचत बसली. पाचव्या दिवशी ताराचंद तिच्यासाठी चहा घेऊन आले.

"ने घरी. फक्त तिचं लिहिलेलं खोडू नको."

"खोडत नाई, काका. त्याच्या खाली माह्यं लिहीन."

मित्रांनो, तुमच्याकडेही कोणाचं लिहिलेलं पुस्तक असेल. ते जपा, पण पेटीत नको. कोणाला तरी वाचायला द्या.