फाटकावरची आमटी

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि लिंबाजी ताडकन उठला. मांडीवरचा पेपर खाली पडला, पायांनी चपला शोधल्या, आणि दारामागच्या खुंटीकडे हात गेला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की खुंटीला हिरवा बावटा नाही, पिठाची चाळण आहे.

"बसा खाली," आतून धुरपदाबाई म्हणाली. "भात हाय. गाडी न्हाय."

लिंबाजी ओशाळून खाली बसला. निवृत्त होऊन घरी आल्याला आज अकरावा दिवस होता आणि अकरा दिवसांत ही गंमत रोज घडत होती. धुरपदाबाई तर आता शिट्टी व्हायच्या आधीच पदर तोंडाला लावून बसायची.

येडशीजवळच्या एका फाटकावर लिंबाजीने एकतीस वर्षं गेटमनची नोकरी केली. बायको, आईवडील, रान, गुरं सगळं गावी ईटला, आणि हा तिकडे फाटकाशेजारच्या एका खोलीत. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. आता फाटकाखालून रस्ता काढला, त्यामुळे लिंबाजीबरोबर फाटकही निवृत्त झालं. निरोपाला साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, आणि त्याने मागितला म्हणून त्याचा जुना, विटलेला लाल बावटाही दिला.

नोकरी लागली तेव्हा त्याला चहासुद्धा करता येत नव्हता. धुरपदाबाईने बरोबर कुकर दिला होता. पहिल्याच आठवड्यात कुकरच्या शिट्टीवर त्याने फाटक लावलं, आणि दोन बैलगाड्या व एक वऱ्हाडाचा टेंपो रिकाम्या रुळांकडे बघत पाऊण तास उभे राहिले. नवरदेवाचा मामा खाली उतरून काय काय बोलला ते लिंबाजीने घरी कधीच पूर्ण सांगितलं नाही. दुसऱ्या पाळीचा गेटमन ईरण्णा, अक्कलकोटकडचा जुना माणूस, त्याने तो कुकर कापडात बांधून ईटला परत पाठवला आणि लिंबाजीला पातेल्यात शिजवायला शिकवलं. त्याचं गणित सोपं होतं. सकाळची पॅसेंजर गेली की डाळ चढवायची, मालगाडी गेली की उतरवायची. स्टेशनातून फोन आला की फोडणीची तयारी, आणि गाडीचा शेवटचा डबा फाटक ओलांडून गेला की येसर, म्हणजे भाजक्या डाळी-मसाल्याचं पीठ, घालायचा. मधल्या वेळात डोळे रुळांवर, कान फोनवर. त्या काळी छोटी गाडी होती. ती इतक्या सावकाश जायची, की तेवढ्यात डाळीला दोन उकळ्या जास्तच यायच्या. पुढे रूळ रुंद झाले, गाड्या पळायला लागल्या, तेव्हा लिंबाजीला आमटीचं सगळं वेळापत्रक नव्याने बसवावं लागलं.

आमटी मात्र नामी व्हायची. निदान घरी आल्यावर तो तसं सांगायचा.

भाकरी तो ईरण्णाचं बघून बघून शिकला, आणि ती शिकतानाच त्याच्या मनात एक गोष्ट रुतली. एकट्याच्या स्वयंपाकात भाजणारा आणि जेवणारा एकच. एक भाकरी तव्यावर टाकायची, ती फुगली की ताटात घ्यायची, ती खाईस्तोवर दुसरी तव्यावर. अशी भाकरी आमटीत कुस्करली की बोटं पोळतात आणि जीव सुखावतो. एकदा असाच जेवत असताना त्याला घर आठवलं. घरी आपण गरम भाकरी खातो, आबा खातात, आई खाते, पोरं खातात. आणि चुलीपुढे बसून जी थापते ती सगळ्यांत शेवटी, दुरडीच्या तळाची गार भाकरी पातेल्याच्या कडेला लागलेल्या कालवणाशी खाते. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि हे नऊ वर्षांत त्याला दिसलं नव्हतं. पुढच्या खेपेला घरी आल्यावर त्याने बायकोला हळूच सांगितलं, "एक दिवस म्या तुला तव्यावरची वाढीन. तू निस्तं बसायचं."

धुरपदाबाई तेव्हा हसली होती. सासूसमोर का, असं तिने विचारलं होतं. तो एक दिवस पुढे सरकत सरकत एवढा लांब गेला, की सासू-सासरे गेले, पोरं शिकून धाराशिवला नोकरीला लागली, आणि दोघांचे केस पांढरे झाले.

बाराव्या दिवशी सकाळी लिंबाजीने जाहीर केलं, की आजचा स्वयंपाक त्याचा. धुरपदाबाईने डाळीचा डबा पुढे केला. गॅसची शेगडी जमिनीवरच होती, कारण ओट्याशी उभं राहून भाकरी थापणं तिला कधी मानवलं नाही. लिंबाजी मांडी घालून बसला, पातेलं चढवलं, आणि सवयीने दाराबाहेर बघत राहिला. बाहेर शेळी होती, शेजारच्या हरिबाचा गोठा होता, रस्ता होता. रूळ नव्हते. ईटला रेल्वे कुठली?

पातेलं उतरवायचं कधी हेच त्याला कळेना. अंदाजाने उतरवलं, तर डाळ चावायला लागली. धुरपदाबाई उठली, डाळ परत चढवली, त्याच्या हातातली परात घेतली, भाकरी थापल्या, त्याला वाढलं आणि मग नेहमीसारखी शेवटी जेवली. दुसऱ्या दिवशी त्याने चूक सुधारायची म्हणून डाळ जास्त ठेवली. शेजारून हरिबा विचारत आला, की कुणाचं काय जळायलंय. त्या दिवशीही शेवटची गार भाकरी तिनेच खाल्ली. लिंबाजीला जेवण गोड लागलं नाही. एकतीस वर्षं आपण या बाईला आमटीच्या थापा मारल्या असं तिला वाटत असणार, या विचाराने तो दुपारभर अंगणात दोरीला पीळ देत बसला.

पण गेटमन तो गेटमनच. चार दिवस त्याने दाराबाहेरच्या ओट्यावर बसून गावाचा अभ्यास केला. दूधवाल्याची फटफटी साडेआठला. शाळेची घंटा दहाला. गिरणी सव्वादहाला सुरू. भूमची एसटी पावणेअकराला. पेपरच्या कोऱ्या कडेवर त्याने सगळं लिहून काढलं आणि दिवाळीला फराळ मांडतात तेवढ्या आनंदाने ते बायकोला दाखवलं. शाळेची घंटा झाली की डाळ चढवायची, एसटी आली की उतरवायची.

"एसटी?" धुरपदाबाईने एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी घंटेला डाळ चढली. गिरणीच्या ठोक्याला हळद पडली. सगळं फाटकावरच्यासारखं चाललं होतं. लिंबाजीने परातीत पीठ घेतलं, बायकोचं ताट मांडून ठेवलं, आणि मान लांब करून रस्त्याकडे बघत बसला. पावणेअकरा झाले. अकरा झाले. एसटीचा पत्ता नव्हता. डाळ आधी उकळली, मग आटली, मग तळाला धरली, आणि लिंबाजी काही जागचा हलला नाही, कारण शिस्त म्हणजे शिस्त. शेवटी धुरपदाबाईनेच पदराने पातेलं उचलून खाली आपटलं.

"अवं, डाळीकडं बघा की," ती म्हणाली. "रस्त्याकडं काय बघायलाव? तीस वर्सं तुमी सैपाक बघितलाच न्हाय. रूळ बघितले."

खरं तेच होतं. ती नोकरी नजर काढून घेणारी होती. रुळांवरून डोळा हलला तर माणसं मरतात. पण घरी आल्यावरही आपला डोळा बाहेरच राहिला, हे त्याला आज पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं. त्याला वाईट वाटलं आणि हसूही आलं. एसटीवर भरवसा ठेवून आमटी करणारा अख्ख्या जिल्ह्यात तोच एकटा असणार. तो हसायला लागला, मग धुरपदाबाईही हसायला लागली, आणि करपलेलं पातेलं मध्ये ठेवून दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

हसणं ओसरल्यावर ती सवयीने परातीकडे सरकली. लिंबाजी उठला. पेटीतून जुना लाल बावटा काढला आणि तिच्या ताटाच्या अलीकडे, तिच्या आणि शेगडीच्या मधोमध जमिनीवर आडवा अंथरला.

"फाटक बंद," तो म्हणाला. "आता तिकडंच बसायचं. सांग तोंडानं, हात लावू नगंस."

तिला ते पोरखेळ वाटलं, पण ती बसली. त्याने नवी डाळ धुतली, चढवली, आणि या खेपेला पातेल्यात बघितलं. फेस येतो, तो काढायचा. दाणा आधी तरंगतो, मग फुटतो, मग त्याची कड विरघळते. बोटांनी दाबून बघायचं. धुरपदाबाई पलीकडून सांगत होती आणि तो ऐकत होता. मध्येच ती पाणी आणायला म्हणून उठली. लिंबाजीने बावट्याकडे बोट दाखवलं. मग मिठाचा डबा द्यायला उठली, परत बोट. शेळीला वैरण टाकायची राहिली, असं म्हणत ती तिसऱ्यांदा उठली तेव्हा तो म्हणाला, की गाडी जाईपर्यंत शेळी थांबेल. चाळीस वर्षांत इतका वेळ ती एका जागी फक्त आजारपणात बसली होती. तिला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले.

लसणाची फोडणी बसली. येसर पडला आणि घरभर वास सुटला. लिंबाजीने तवा ठेवला, पिठाचा गोळा मळला, भाकरी थापली. कडेला थोडी चिरली, पण गोल झाली. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग तवा काढून जाळावर धरली, तशी ती टम्म फुगली. त्याने ती फुगलेलीच, वाफ निघत असताना, बावट्यावरून हात लांब करून तिच्या ताटात टाकली. वर आमटी वाढली.

धुरपदाबाईने भाकरी मोडली आणि चटकन बोटं मागे घेतली. हजारो भाकरी तिने जाळावरून नुसत्या हाताने उचलल्या होत्या, तेव्हा तिचे हात कधी भाजले नव्हते. ताटातली भाकरी इतकी गरम असते हे तिला ठाऊक नव्हतं. तिने बोटांवर फुंकर घातली, सवयीने अर्धी भाकरी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवली, मग त्या अर्ध्या भाकरीकडे क्षणभर बघितलं आणि तीही आमटीत कुस्करली. खाली मान घालून जेवत राहिली, आणि लिंबाजी तिच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात बाहेर एसटी आली. दोनदा हॉर्न वाजला, कुणीतरी कंडक्टरला उशीर का म्हणून विचारत होतं, मग दार आपटून गाडी गेली. लिंबाजीने मान वर केली नाही.

ताट निम्मं झालं होतं. धुरपदाबाईने ते बावट्यापलीकडे जरासं सरकवलं, आणि जे तिने चाळीस वर्षं सगळ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, पण स्वतः कधी म्हटलं नव्हतं, ते हळूच म्हणाली.

"आनिक एक टाका."

लिंबाजीने परातीत पीठ ओढलं आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.