चाकावरचं पाणी

आमच्या कारखान्यात शिंप्यांच्या कात्र्या तयार होत. पाती बाहेरून घडवून यायची. आमच्याकडे त्यांना चाकावर धार लागायची, मग जोडी जमवून मधला स्क्रू बसायचा आणि सगळ्यात शेवटी कात्री माझ्या हातात यायची. मी ती कानाजवळ धरून एकदा मिटायची. चांगली कात्री मिटताना मुळापासून टोकापर्यंत एकच आवाज करते. मध्ये कुठे खरखरली, तर ती परत मागे. मग ओल्या फडक्याची पट्टी नुसत्या टोकाने कापून बघायची. फडकं चावलं नाही, सरळ कापलं, की कात्री पास.

माझी जागा दाराजवळ, खिडकीखाली. तिथून रस्ता दिसायचा, म्हणून आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं होतं. सरकारी तपासनीस येताना दिसला की मी सगळ्यात मोठी कात्री उचलून हवेतच तीनदा मिटायची. शेजारी स्क्रू बसवणारा पोपट लगेच शीळ घालायचा. मिनिटभरात दोन्ही चाकांवरचे नळ सुरू, खिळ्यावरचे मास्क नाकावर. तपासनीस यायचा, चाकावरून ठिबकणारं पाणी बघायचा, वहीत लिहायचा आणि जायचा. तो गेला की नळ बंद.

"वहिनी, तुम्ही नसता तर आम्ही सगळे आत असतो," पोपट म्हणायचा.

"आत असतास तर बरं झालं असतं. जरा शांतता तरी मिळाली असती," मी म्हणायची.

चाक कोरडं चालवायचं कारण मालकाला घाई हे तर होतंच. पण माझ्या नवऱ्यालाही पाणी नको असायचं. ते मोठ्या चाकावर बसत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ते पात्याकडे बघतच नसत, ठिणगीकडे बघत. ठिणगी लांब आणि पिवळी निघाली की हात बरोबर. आखूड, तांबडी निघाली की पातं जास्त दाबलं जातंय. "पाणी सोडलं की ठिणगी मेली," ते म्हणत. "मग मी काय आंधळ्यासारखं चाचपू?" तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि संध्याकाळी पेलाभर दूध प्यालं की धूळ धुऊन जाते, अशी आमच्या सगळ्यांची समजूत होती. मालक वाईट माणूस नव्हते. दूध ते स्वतःच्या खर्चाने पाजत.

माझे दीर दुसऱ्या चाकावर बसत. त्यांनीही रोज दूध प्यालं. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा शेवटचे दोन महिने त्यांना आडवं होता येत नव्हतं. बसूनच झोपायचे. त्यांच्या चाकावर आता लांबू बसायचा. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. त्या वर्षी मिस्त्री जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. शेजाऱ्यांच्या दाराशी कुंड्या होत्या, त्या बघत उभे राहायचे. "हे रोप वाढलं गं," म्हणायचे. जन्मात कधी झाडाकडे न बघितलेला माणूस. मीही "हो, वाढलंय" म्हणायची आणि त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत उगाच किल्ली शोधायची.

त्याच सुमारास कारखान्याला चुना मारायचा म्हणून भिंतीवरचे आमचे कोट काढले. कोटांच्या मागे एक सरकारी कागद चिकटवलेला निघाला. मी वाचायला उतारवयात शिकले, त्यामुळे बोट ठेवून वाचते. जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस लावून तो कागद वाचला. चाक ओलं चालवावं. धूळ ओढणारा पाइप बसवावा. कामगाराच्या छातीचा फोटो वर्षातून एकदा मालकाच्या खर्चाने काढून मिळेल. फोटोत काय निघालं ते डॉक्टर फक्त कामगाराला सांगेल, मालकाला नाही.

मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय झालंय?"

महिन्याभराने मालकांनी एक अर्ज फिरवला. नव्या तपासनीस बाई फार कडक आहेत म्हणे, म्हणून आधीच तयारी. सगळ्यांनी सही केली. माझ्यापाशी आला तेव्हा मी तो वाचायला घेतला.

"वहिनी, सही करायची असते, पारायण नाही," पोपट म्हणाला.

"यात लिहिलंय, आम्ही आमच्या मर्जीने कोरडं काम करतो आणि आम्हाला धुळीचा काही त्रास नाही."

"मग, तुला आहे का त्रास?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला नाही. तुम्हाला आहे."

"माझी छाती, माझा त्रास. तू तुझं बघ."

सगळ्यांसमोर बोलले. मी सही न करताच अर्ज परत दिला.

बाई आल्या त्या एका सोमवारी सकाळी. मी त्यांना लांबूनच ओळखलं. खांद्याला पिशवी, हातात पत्ता लिहिलेला कागद. समोरच्या दुकानाशी थांबून त्यांनी चष्मा पुसला. माझा हात मोठ्या कात्रीवर गेला. मागे मिस्त्री खोकत होते. हल्ली त्यांचा खोकला सुरू झाला की मी मनात मोजायची. त्या दिवशी मोजता मोजता बाई रस्ता ओलांडून आल्या, आणि कात्री माझ्या हातात तशीच मिटलेली राहिली.

दारातून उन्हाची तिरीप आत आली होती. तिच्यात दोन्ही चाकांची धूळ अशी उभी होती की मागचा लांबू नीट दिसत नव्हता. बाईंनी पदर नाकाला लावला नाही, तोंडही वाकडं केलं नाही. म्हणाल्या, "चाकं थांबवा."

मालक तो अर्ज घेऊन धावत आले. बाईंनी तो पूर्ण वाचला. मग विचारलं, "पहिली सही कुणाची?"

"माझी," मिस्त्री म्हणाले. "बाई, गेल्या वर्षी आम्ही चार माणसं फाटकाशी बोलत उभे राहिलो, तर सरकारने जमावबंदी म्हणून हुसकावलं. आमचं तोंड सरकारने बंद केलं. आता नाकही सरकारच बघणार? मी लहान मूल नाही. मला कळतं मी काय करतोय."

"ते हुसकावणं चूकच होतं," बाई म्हणाल्या. "मी असते तर नसतं हुसकावलं. पण मिस्त्री, तुम्ही सही केलीत ती तुमच्या नाकासाठी. तुमची धूळ त्या मागच्या माणसाच्या नाकात जाते आणि या दारातल्या ताईंच्याही. त्यांच्या वतीने कशी सही केलीत?"

मिस्त्रींनी लांबूकडे बघितलं. लांबूने खाली बघितलं.

"आणि त्यानेही सही केली असेल," बाई म्हणाल्या, "पण 'नाही' म्हटलं असतं तर उद्या त्याला या चाकावर बसवलं असतं का?"

बाईंनी दोन्ही चाकांच्या बटणांवर कागद चिकटवून शिक्का मारला. पाइप बसेपर्यंत चाकं बंद, पगार मात्र चालू. मग त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "छातीचा फोटो काढून घ्या."

"नाही काढला तर?"

"तर नाही. ते तुमच्या मर्जीवर. त्यासाठी मी तुम्हाला हात धरून नेऊ शकत नाही, आणि नेणारही नाही."

"म्हणजे चाक सरकारचं आणि छाती माझी."

"हो. तसंच समजा."

बाई गेल्यावर पोपट माझ्याकडे वळला. "वहिनी, दिसल्या नाहीत का?"

"दिसल्या," मी म्हणाले.

मिस्त्री चाकाजवळच उभे होते. त्यांनी ऐकलं.

घरी दोन दिवस आमच्यात मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी चिरत होते. ते समोर येऊन बसले.

"मला आधी विचारायचंस."

"चार वर्षं विचारतेय."

"घरातली गोष्ट सरकारच्या हातात दिलीस."

"मी एकटी पडत होते हो," मी म्हणाले. "तुमच्याशी भांडायला मला कुणीतरी जोडीला हवं होतं."

त्यांनी चिरलेल्या भाजीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. "आता फोटोसाठी मागे लागशील."

"नाही लागणार. बाई म्हणाल्या, ते तुमच्या मर्जीवर."

हे बोलले खरी, पण पाळताना जीव नकोसा झाला. आठ दिवस मी फोटोचा शब्द काढला नाही. ते खोकले की भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच परत घासायची. नवव्या दिवशी तेच म्हणाले, "फोटोत निघालं तर?"

"तर आपल्याला कळेल."

"मग मला चाकावर बसता येणार नाही. मला दुसरं काय येतं?"

"माझ्या शेजारी बसा. जोड्या जमवा. कात्रीचा आवाज ऐका."

"चाकापाशी बसून माझा एक कान गेलाय. मला अर्धं ऐकू येत नाही."

"म्हणून तर संसार इतकी वर्षं टिकला."

ते हसले. हसताना ढास लागली. पाणी प्याले आणि म्हणाले, "उद्या जाऊ. पण आत मी एकटा जाणार."

"जा की."

दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टर त्यांच्याशी फार वेळ बोलत होते. मला बोलावलं नाही, आणि मीही उठून दाराशी गेले नाही. ते बाहेर आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. हातात लिफाफा होता. लिफाफा त्यांचा. घरी नेऊन कपाटात टाकला असता तरी मला बोलायला जागा नव्हती. त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

"वाच. सावकाश वाच, पण मध्ये काही गाळू नकोस."

मी बोट ठेवून वाचलं. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात धूळ बसलेली आहे. ती निघत नाही. धुळीचं काम आजपासून बंद. ते पाळलं तर जिथे आहे तिथेच थांबण्याची शक्यता आहे. सहा महिन्यांनी परत दाखवावं. वाचून झाल्यावर मी त्यांची बटणं काढून नीट लावली. त्यांनी लावू दिली.

"दूध प्यालेलं सगळं फुकट गेलं म्हणायचं," ते म्हणाले.

पाइप बसला, शिक्के निघाले. पहिल्या दिवशी मिस्त्री माझ्या बाजूला येऊन बसले नाहीत, सरळ लांबूच्या चाकाशी गेले. नळ सुरू होता. लांबूला ठिणगी दिसत नव्हती, त्यामुळे तो घाबरत घाबरत पातं टेकवत होता. मिस्त्रींनी त्याच्या हातावर हात ठेवला. "डोळ्यांनी नको. बोटाला कंप कळतो का बघ. मलाही नवीनच आहे हे." दोघांनी मिळून तीन पाती बिघडवली. चौथं बरं निघालं.

मग त्यांनी चाक थांबवायला लावलं आणि खिशातून तो लिफाफा काढला. डॉक्टरांनी फक्त त्यांना सांगितलेलं त्यांनी लांबूला सगळं सांगितलं. पोपटाची शीळ मध्येच थांबली.

"तूही काढून ये," मिस्त्री म्हणाले. "सरकारची सक्ती नाही, माझीही नाही. नको म्हणालास तर परत विचारणार नाही. पण जाणार असलास तर मी सोबत येतो."

लांबूने ओले हात पँटला पुसले. बायकोला विचारतो म्हणाला. मग म्हणाला की तिला कशाला घोर लावायचा. मिस्त्री तिथेच उभे राहिले. घाई केली नाही.

"ते मशीन छातीला गार लागतं का हो?" लांबूने विचारलं.

"लागतं," मिस्त्री म्हणाले. "बनियनसुद्धा काढायला लावतात. पण पटकन होतं."