मोरचूद

धाकट्या दिराने दगडाच्या पोकळीत गोंद सोडला, चिमट्याने निळा खडा आत बसवला आणि वर फुंकर घातली. खडा मोरचुदाचा, घरीच बरणीत वाढवलेला. पण खाणीतल्या अस्सल खनिजाच्या थोबाडीत मारेल असा देखणा.

“रविवारी जुन्या खाणीवर पोचलो, की हळूच ढिगाऱ्यात टाकायचा,” तो वहिनीला म्हणाला. “दादाला सापडू दे. नाचू दे चांगला. मग सगळ्यांसमोर सांगतो, खताच्या दुकानातला माल आहे म्हणून.”

वहिनी बटाटे सोलत होती.

“चिडतील हो.”

“चिडू दे की. माझ्या दगडांना चारचौघांत भंगार म्हणतो, तेव्हा?”

बाहेरच्या खोलीत दादा दगड गोळा करणाऱ्या मंडळींना घेऊन नकाशा पसरून बसला होता. आधी कुठल्या खाणीत उतरायचं, कुणाच्या गाडीत कोण, सगळं तोच ठरवत होता. त्याचा आवाज असा, की भिंतींनी कान बंद केले तरी उपयोग नाही.

“वहिनी येतायत ना?” कुणीतरी विचारलं.

“ती? तिला तुरटी आणि स्फटिक सारखेच. डबे भरून दिले तरी पुष्कळ झालं.”

मंडळी हसली. काचेच्या कपाटातला सगळ्यात सुंदर हिरवा स्फटिक तिला सापडला होता, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. त्याच्याखालच्या चिठ्ठीवर नाव मात्र दादाचं. तिला राग आला, आणि सवयीने तिने तो गिळलाही.

धाकट्याचा हात मध्येच थांबला.

“वहिनी, दादा अजून दगड चाटून बघतो का गं? ओला केला की रंग कळतो म्हणून? हे विष आहे. तोंड भाजेल, पोटात गेलं तर निस्तरणार कोण? चाटत असेल तर सांग. गंमत गेली खड्ड्यात, आत्ता फेकून देतो.”

त्याची पाठ दाराकडे होती. वहिनीला मात्र बाहेरचं सगळं दिसत होतं. दादाने समोरच्या दगडांतला एक उचलला, जिभेने सावकाश ओला केला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“छे,” ती म्हणाली. “ह्यांनी ते केव्हाच सोडलं.”

आणि उठून तिने मधलं दार लोटून घेतलं.