सुईकाकूंचा नवरा

एकोणीस वर्षं तो शिबिराला एकटाच जायचा. बायको पिशवी भरून द्यायची, दारापर्यंत यायची, आणि आठ दिवसांनी तो उन्हाने रापून परत आला की त्याच्या गोष्टी ऐकत त्याचे मळके कपडे भिजवायची. विसाव्या वर्षी ती त्याच्याबरोबर निघाली, आणि तीही त्याच्याच सांगण्यावरून.

तो पाणीपुरवठा खात्यात पंपावर फिटर होता. शिबिरात मात्र त्याला सगळे दोरीकाका म्हणत. स्काउट-गाईडच्या दोन हजार मुलामुलींचं ते शिबिर टेकडीच्या पायथ्याशी भरायचं. तिथलं सगळ्यात धाडसाचं ठिकाण म्हणजे लाकडी मनोरा. चाळीस फूट उंच, वरून दोरखंडाचा झुलता पूल, आणि पुलाच्या टोकाहून तारेवर लोंबकळत थेट खाली मैदानात. तो मनोरा दोरीकाकाचा होता. स्वयंसेवक बरेच होते, पण वर पोचून पाय लटपटणाऱ्या मुलाला दोन वाक्यांत पुढे सरकवायचं काम त्यालाच जमायचं. मोठी होऊन नोकरीला लागलेली मुलंही रस्त्यात भेटली की त्याला हाक मारत.

यंदा पंपघरातल्या शिडीवरून पडून त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चढणं-उतरणं बंद केलं. शिबिरप्रमुख म्हणजे कवायत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी फोनवर सरळच सांगितलं, "काका, यंदा मनोरा नको."

"मी नुसता खाली उभा राहीन, बाई."

"तुम्ही खाली उभे राहणारे नाही. मी ओळखते तुम्हाला. हरवले-सापडलेचा तंबू सांभाळा. आणि फाटके तंबू शिवायला कोणी मिळतंय का बघा."

त्याची बायको शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं, आणि भिंतीवर उसवलेले, आखूड करायचे, सैल करायचे कपडे चिठ्ठ्या लावून टांगलेले असत. तो सहज म्हणाला, "चल यंदा. मलाही सोबत होईल." ती चटकन हो म्हणाली. इतक्या चटकन की तो जरा चपापलाच.

पहिल्या दिवशी मनोऱ्याचा नवा माणूस पोचायचा होता, म्हणून वर चढताना कमरेला आणि मांड्यांना बांधायचे नवे सुरक्षापट्टे तपासायचं काम दोरीकाकानेच केलं. बेचाळीस पट्टे. प्रत्येकाची कडी उघडून-मिटून पाहिली, दोन्ही हातांनी हिसका दिला, आणि तपासणीच्या तक्त्यावर सही ठोकली. मग लंगडत आपल्या तंबूत येऊन बसला. समोर एकेकटे बूट, पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि एक चष्मा.

बायकोला मनोऱ्याशेजारी ताडपत्रीखाली मशीन मांडायला जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांची रांग खोळंबली होती, आणि एक मुलगी पट्टा बांधून तिच्या मशीनपाशी रेंगाळत होती. बायकोने सवयीने तिच्या पट्ट्याला हात लावला, मांडीजवळची गादी उलटली आणि तिथली शिवण बोटाने चाचपली.

"हा काढ बरं," ती मुलीला म्हणाली.

खालचा दोरा सैल होता. कारखान्यात कुणीतरी मशीनचा ताण न लावताच शिवत गेलं होतं. वरून टाके मोत्यासारखे, आणि खाली नुसती वेटोळी. तिने सुईच्या टोकाने एक वेटोळं ओढलं, आणि बघता बघता सगळी शिवण सरसर निघून आली. मनोरा तासभर बंद झाला. बेचाळीसपैकी नऊ पट्टे तसेच निघाले.

दोरीकाका आपल्या तंबूतून हे सगळं बघत होता. तो गेला तेव्हा प्रमुखबाई तक्ता हातात धरून उभ्या होत्या. बायकोने तक्त्यावरची सही पाहिली, त्याच्याकडे पाहिलं, आणि बाईंना म्हणाली, "हे गादीच्या आत आहे हो. ज्याला शिवणकाम येतं त्यालाच दिसणार. बाकी कुणाला दिसणं शक्यच नव्हतं."

तिने त्याला सांभाळून घेतलं होतं. ते त्याला कळलं, आणि नेमकं तेच लागलं. कुणी चारचौघांत बोल लावला असता तर त्याने वाद घातला असता. सांभाळून घेणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं?

त्या दिवसापासून प्रत्येक मुलाचा पट्टा वर जाण्याआधी बायको तपासायची. ती ताडपत्रीबाहेर मनोऱ्याच्या पायथ्याशी स्टुलावर बसायची, मुलाला समोर उभं करायची आणि पट्टे खेचता खेचता बोलायची. "पोट आत घेऊ नकोस, मी काही माप घेत नाहीये." "भीती वाटते? वाटू दे की. तिला पण पट्टा बांधू आणि वर नेऊ." पोरं हसत वर चढायची. तिसऱ्या दिवशी तिचं नाव पडलं सुईकाकू. चौथ्या दिवशी मुलं उतरल्यावरही मुद्दाम तिच्याकडे येऊन सांगायला लागली, किती घाबरलो, किती नाही.

हे सांगायला पूर्वी मुलं त्याच्याकडे येत.

त्याच्या पोटात दुखायला लागलं ते असं. आधी त्याने मनाची समजूत घातली, की आपल्याला तिची काळजी वाटते, उन्हात दिवसभर बसते. म्हणून तो तिला छत्री द्यायला गेला. तिथे आधीच कुणीतरी छत्री लावली होती. मग त्याला वाटलं, नवा माणूस दोर नीट धरत नाही. तो ते सांगायला गेला. नवा माणूस आदराने म्हणाला, "बरोबर आहे काका. सुईकाकूही सकाळी हेच म्हणाल्या." ती कुठून शिकली? एकोणीस वर्षं त्याच्याच गोष्टी ऐकून. त्याच्याच तोंडून निघालेले शब्द आता तिच्या नावावर जमा होत होते.

टोपी शोधायला आलेल्या एका मुलीने त्याला विचारलं, "काका, तुम्ही सुईकाकूंचे कोण?"

"मी दोरीकाका."

"हो, पण त्यांचे कोण?"

"नवरा," तो म्हणाला. ती एकदम खूश झाली आणि टोपी न घेताच मैत्रिणींना सांगायला धावली.

सहाव्या दिवशी सकाळी प्रमुखबाई त्याच्या तंबूत आल्या. दर शिबिरात मुलं चिठ्ठ्या टाकून एक स्वयंसेवक निवडत, आणि त्याला ध्वजाखाली निळा स्कार्फ देत. एवढ्या वर्षांत दोरीकाकाला तो मिळाला नव्हता. दोनदा थोडक्यात हुकला होता. तसं त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण बायकोला ठाऊक होतं.

"यंदा पेटीत सुईकाकूंशिवाय दुसरं नावच नाही म्हणा ना," बाई म्हणाल्या. "त्यांना काही सांगू नका. पाच वाजता फक्त ध्वजाच्या मैदानावर घेऊन या. कराल एवढं?"

"करेन की," तो म्हणाला, आणि त्या क्षणी त्याच्या मनात खरोखर तेच होतं.

दुपारभर तो बूट जोड्यांनी लावत बसला. समोर मनोऱ्याखाली ती हसत होती. घरी ती अशी हसते का, हे तो आठवून बघायला लागला, आणि आठवेना तसा आणखी चिडला. साडेचार वाजता तो तिच्यापाशी गेला.

"नदीकडच्या कोठारात आठ तंबू फाटलेत म्हणे. आजच हवेत त्यांना."

"आत्ता? पाचला सगळे जमतात ना?"

"ते रोजचंच. तू जा, मी आहे इथे."

तिने सुया-दोऱ्याचा डबा उचलला आणि निघाली. कोठार वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. ती झाडांआड जाईपर्यंत तो बघत राहिला. आता हाक मारावी, आता मारावी असं चाललं होतं, पण मारली नाही.

पाच वाजता दोन हजार मुलं तुकड्या-तुकड्यांनी ध्वजाभोवती बसली. बाईंनी सुईकाकूंचं नाव पुकारलं, आणि असा गलका झाला की बाईंना दोनदा शिट्टी वाजवावी लागली. ती येईना. माना वळायला लागल्या. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसते खांदे उडवले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण त्या मुलांकडे वळल्या.

"मग त्यांच्या वतीने काका घेतील," त्या म्हणाल्या. "या, दोरीकाका."

दगडी चौथऱ्याच्या तीन पायऱ्या तो दुखऱ्या गुडघ्याने चढला. एका लहानशा गाईडने टाचा उंचावून निळा स्कार्फ त्याच्या गळ्यात घातला. समोर सगळी मुलं एका सुरात ओरडत होती, सुईकाकू, सुईकाकू. ज्या जागेची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली तिथेच तो उभा होता, आणि तिथून कधी एकदा खाली उतरतो असं त्याला झालं होतं. टोपीवाली मुलगी पुढच्याच रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. मान वळवून सुईकाकूंची वाट बघत होती.

तो तसाच कोठाराकडे चालत गेला. बायको बाहेर उलट्या पिंपावर बसली होती. मांडीवर डबा, झाकण लावलेला.

"इथे एकही तंबू फाटलेला नाही," ती म्हणाली. "कोठारवाले म्हणतात, त्यांनी कुणाला काही सांगितलंच नाही." मग तिचं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. "तुम्हाला मिळाला?" क्षणभर तिचा चेहरा उजळला. तो खरंच उजळला होता, आणि तेवढं बघून त्याचा उरलासुरला आव गळून गेला.

"तुला मिळालाय," तो म्हणाला. "बाईंनी सकाळीच सांगितलं होतं, तुला घेऊन ये म्हणून."

तिने मैदानाच्या दिशेने पाहिलं. तिकडून मुलांचा गलका अजून ऐकू येत होता.

"का?" तिने विचारलं.

"मला बघवेना."

"काय बघवेना?"

"तू. तिथे. माझ्या जागेवर."

तिने डबा खाली ठेवला. "मी एक सांगू? दर वर्षी तुम्ही आठ दिवस इथे असायचात. मी घरी लोकांच्या पँटी आखूड करत बसायचे. तुम्ही परत येऊन सांगायचात, कोण रडलं, कोण पुलावर अडकलं, कुणी तुम्हाला मिठी मारली. मी ऐकायचे आणि आतून जळायचे. वाटायचं, हा माणूस मला एकदाही चल म्हणत नाही."

"कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले. पण एवढा हेवा वाटूनसुद्धा मी कधी तुमची पिशवी लपवून ठेवली नाही."

त्याने स्कार्फ काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, घडी घातली आणि डब्यात टाकला.

"आणि त्या तक्त्यावर तुमची सही आहे," ती उठत म्हणाली. "ते मी निभावून नेलं. आता तुमचं तुम्ही बघा. मी काही दोन्हीकडून टाके घालणार नाही."

परत येताना ती त्याच्या दहा पावलं पुढे चालली. त्याचा गुडघा दुखत होता, पण तिने वेग कमी केला नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीआधीच तो प्रमुखबाईंच्या तंबूत गेला. आधी स्कार्फचं सांगितलं, मग पट्ट्यांचं. गादी उलटून पाहायला हवी होती, ती पाहिली नाही, कारण इतकी वर्षं आपणच तपासतोय ही घमेंड होती, असं तो म्हणाला.

"सही मी त्याच दिवशी पाहिली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "पट्ट्यांचं लिहून द्या. तक्त्यात एक रकाना वाढवावा लागेल. स्कार्फचं माझ्याकडे नका आणू. ते मुलांना काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा."

तो फार ठरवत बसला नाही. सकाळच्या हजेरीला उभा राहिला आणि म्हणाला, काल सुईकाकू आल्या नाहीत कारण मी त्यांना निरोप दिला नाही. मुद्दाम दिला नाही. मागून एका मुलाचा आवाज आला, "का पण, काका?" तो म्हणाला, "हेवा वाटला." काही मुलं हसली, बरीचशी हसली नाहीत. बायको मनोऱ्यापाशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण मग मुलांनी हट्ट धरला तेव्हा स्कार्फ डब्यातून काढून गळ्यात घातला.

शेवटच्या दिवशी बाईंनी सगळ्या स्वयंसेवकांना ताडपत्रीखाली बोलावलं. पट्ट्याची शिवण कशी बघायची, ते बायको शिकवणार होती. दोरीकाका दुसऱ्या रांगेत जाऊन बसला, मांडीवर वही घेऊन. ती बोलायला लागली तशी सगळी माणसं पुढे सरकून ऐकायला लागली, आणि त्याच्या पोटात पुन्हा तेच बारीकसं दुखलं. कमी झालं होतं, गेलं नव्हतं.

तिने दोन पट्टे वर धरले. "यातला कुठला टिकेल?"

त्याला दोन्ही सारखेच दिसत होते. पूर्वीचा तो असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं. त्याने हात वर केला.

"बोला," ती म्हणाली. कोठारापाशी झालेल्या बोलण्यानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मला कळत नाहीये," तो म्हणाला. "जवळून दाखवतेस?"

ती रांगेतून वाट काढत त्याच्यापाशी आली, त्याचं बोट धरलं आणि गादीच्या आतल्या शिवणीवर ठेवलं.